न चाललेले सहा किलोमीटर

९ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार पोचला असं समजा. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ऐकू येत नाही हे तुम्ही कबूल करत नाही, म्हणून पत्र.

नदीकाठच्या वसाहतीच्या पूरभिंतीचं काम माझ्याकडे आलंय. हो, तीच वसाहत. एकशे ऐंशी घरं, आणि त्यांच्या जोत्यापासून भिंतीच्या माथ्यापर्यंत सगळ्या उंच्या तुमच्या बेंचमार्कवरून घेतलेल्या. पंपघराच्या पायरीत तुम्ही बसवलेली ती बेंचमार्कची पितळी खुंटी अजून जागेवर आहे. येणारेजाणारे त्या पायरीवर टेकतात, त्यामुळे घासून घासून चमकते.

काम तसं किरकोळ होतं. भिंतीची डागडुजी करायची आणि ती ठरल्या उंचीची आहे असा दाखला द्यायचा. मी म्हटलं, पद्धत म्हणून पुलावरच्या मूळ चिन्हापासून एकदा लेव्हल आणते. आमचे नवे साहेब मूळचे डांबरी रस्त्यांवरचे. त्यांनी विचारलं, बेंचमार्क असताना पुन्हा मोजायचं कशाला? मग त्यांना पहिलीतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. एका जागेची उंची आपल्याला ठाऊक असते. तिथं आकड्यांची पट्टी उभी करायची, दुर्बिणीतून वाचायची. मग पट्टी पुढं नेऊन वाचायची. दोन आकड्यांतला फरक म्हणजे चढ किंवा उतार. असं करत करत मुक्कामाला पोचायचं, आणि तसंच मोजत उलटं निघालो तिथं यायचं. निघतानाची उंची आणि परतल्यावरची उंची जुळली तर बंद जुळला. नाही जुळली तर कुठंतरी चुकलंय. साहेब म्हणाले, "म्हणजे नुसतं जाऊन भागत नाही?" मी म्हटलं, नाही साहेब, या धंद्यात परत यावंच लागतं.

पुलापासून पंपघर सहा किलोमीटर. गेलो, आलो. आमचा बंद चार मिलिमीटरांत जुळला. पण तुमच्या खुंटीची उंची तुमच्या नोंदीपेक्षा एकतीस सेंटिमीटर कमी आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. पुन्हा तेच.

सेंटिमीटर म्हणतेय, मामा. मिलिमीटर नाही. हे खरं असेल तर भिंत कागदावरच्यापेक्षा फूटभर बुटकी आहे, आणि नदीला पाणी चढायला चार महिने उरलेत.

ती खुंटी मधे कधी उपटून पुन्हा बसवली होती का? आठवून लिहा.

तुमची,
टाचणी

१७ फेब्रुवारी

टाचणीबाई,

मला उत्तम ऐकू येतं. हल्ली लोकच पुटपुटतात.

एकतीस सेंटिमीटर वाचल्यावर मी आधी चष्मा पुसला. मग तुझं पत्र पुसलं. आकडा काही गेला नाही.

तुमची यंत्रं आता स्वतःच वाचतात, स्वतःच लिहितात, उद्या स्वतःच पगार घेतील. आमच्या वेळी दुर्बिणीत डोळा घालावा लागे आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत श्वास धरावा लागे. तेव्हा आधी यंत्र तपास. दोन खुंट्या ठोकून त्याची नजर सरळ आहे का ते पाहिलंस? पट्टीचा वरचा तुकडा खटका वाजेपर्यंत ओढला होता का, की पट्टी धरणारा तुझा स्टाफवाला कानात गाणी घालून उभा होता?

यंत्र ठीक असेल तर जमीन खचली असेल. माणसं खचतात, जमिनीनं काय घोडं मारलंय? नदीकाठची माती, त्यात चौतीस वर्षं.

माझा बंद दोन मिलिमीटरांत जुळला होता. खात्यात नव्या पोरांना अजून ते पान दाखवतात म्हणे. तू दाखला देऊन टाक आणि शेवटी 'नोंदीनुसार' एवढं लिही. हा शब्द आपल्यासारख्यांना पांघरायला म्हणूनच विणलेला आहे.

गुडघे बरे आहेत, म्हणजे आहेत.

मामा

२८ फेब्रुवारी

मामा,

दोन खुंट्यांची चाचणी केली. पट्टी बदलली. शेजारच्या साइटवरून तुमच्या जमान्यातली पितळी दुर्बीण मागून आणली, श्वाससुद्धा धरला. एकतीस.

जमीन खचली म्हणता, तर पंपघर खडकावर आहे. तुमच्याच नोंदीत तसं लिहिलंय. भिंतीला पायापासून माथ्यापर्यंत एक तडा नाही. फूटभर खचलेली भिंत अशी शहाण्यासारखी उभी राहत नाही.

साहेबांचं म्हणणं वेगळंच. "तुमच्या मामांचा बंद दोन मिलिमीटर, तुमचा चार. मग जास्त बरोबर कोण?" भिंत वाढवायला ते तयार आहेत, पण एका अटीवर. मूळ सर्व्हेयरनं स्वतः लिहून द्यावं की त्या मोजणीबद्दल त्याला शंका आहे. नाहीतर जुनी नोंद कायम. गवंडी मेअखेरपर्यंत इथं आहेत, मग दुसऱ्या कामाला जातील. म्हणजे तुमच्या चार ओळींवर अडलंय सगळं.

आणखी एक. नऊ वर्षांपूर्वी वसाहतीत पाणी शिरलं होतं त्याचा अहवाल वाचला. पुलावरच्या खुणेनुसार पाणी भिंतीच्या माथ्याच्या वीस सेंटिमीटर खालीच राहिलं, म्हणून ते भिंतीवरून आलं असणं शक्य नाही. आतल्या गटारांचं तुंबलं, कारण पंपवाल्यानं पंप वेळेवर सुरू केला नाही. पंपवाला सांगत होता की पंप चालू होता आणि पाणी भिंतीवरून आलं. बाकी वसाहत झोपेत होती; जागी झाली तेव्हा पाणी पलंगाला लागलं होतं. त्याचं सांगणं अहवालात एका ओळीत आहे: 'जबाबदारी टाळण्यासाठी केलेला बनाव.' त्याला कामावरून काढलं.

मामा, तो पंपवाला म्हणजे तुमचा जुना स्टाफवाला. चौतीस वर्षांपूर्वी या मोजणीत पट्टी त्यानंच धरली होती. अजून पहिल्या ओळीत राहतो. मला बघून म्हणाला, "साहेबांचे पाय दुखतात का हो अजून?" साहेब म्हणजे तुम्ही; एवढंच विचारून आत गेला. वसाहतीतले लोक त्याच्याशी फारसं बोलत नाहीत, तर सवय गेली असेल.

त्या दिवशी काही वेगळं झालं होतं का? आई म्हणते, भाऊ विनोद करायला लागला की समजावं, घरात काहीतरी फुटलंय. तुमचं मागचं पत्र फार विनोदी होतं.

टाचणी

१४ मार्च

टाचणी,

चौतीस वर्षांपूर्वीचा एक दिवस कोणाला आठवतो? मला काल जेवलेलं आठवत नाही. अशा हजारभर दिवशी मी कुठं ना कुठं तिवई रोवून उभा होतो.

तुझ्या आईला मी लहानपणी झाडावरून खाली उतरवलं नाही याचा राग तिला अजून आहे. तिचं ऐकू नकोस.

पुस्तकात सही करून बंद केलेली मोजणी पुन्हा उघडायची नसते. तुझ्या साहेबाला हे कळतं, तुला कळत नाही. एकदा मी लिहून दिलं की उद्या माझ्या प्रत्येक बेंचमार्कवर कोणीतरी फावडं घेऊन उभा राहील. शाळा आहेत, दोन पूल आहेत. ते सगळं तू निस्तरशील?

त्या स्टाफवाल्याकडे जात जाऊ नकोस. वय झालंय त्याचं, काहीबाही सांगेल.

मामा

१९ एप्रिल

मामा,

मधे दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. पोस्टमन म्हणतो दोन्ही तुमच्या हातात दिली.

'काहीबाही सांगेल' हे तुम्ही लिहायला नको होतं. तोवर मी त्याला काहीच विचारलं नव्हतं. मग गेले. त्यानं खुर्ची पुसून दिली आणि म्हणाला, "साहेबांना विचारा. साहेब म्हणतील ते खरं." तीनदा विचारलं, तीनदा हेच. त्याची बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "यांना आता काही विचारू नका ताई. स्वतःचंच स्वतःला खरं वाटत नाही यांना."

म्हणून रेकॉर्डरूममधून तुमचं लेव्हल बुक काढलं. जातानाची पानं मी बराच वेळ बघत बसले. घामाचे डाग, चिखलाचा अंगठा, नऊ ठिकाणी चुकलेला आकडा आडवी रेघ मारून वर नवा लिहिलेला. खोडायचं नाही, रेघ मारायची, हे मला तुम्हीच शिकवलंत. चढावर अक्षर हललंय, कारण वारा असणार. एका पानावर पेन्सिलीचं टोक मोडलंय.

मग परतीची पानं. सहा किलोमीटर, बासष्ट वाचनं, आणि एक रेघ नाही. एक डाग नाही. अक्षर असं की शुद्धलेखनाला बक्षीस मिळावं. मामा, वाऱ्यात उभं राहून असं कोणी लिहीत नाही. हे टेबलावर लिहिलंय.

मी साहेबांना पुस्तक दाखवलं. म्हणाले, "स्वच्छ अक्षर हा गुन्हा आहे का?"

वरची तारीख पाहिली आणि आईला विचारलं. त्याच दिवशी आजोबा गेले. मी दोन दिवस हे घेऊन फिरतेय. तुम्हाला निरोप आला असेल, तुम्ही अर्ध्यातून धावत निघाला असाल, आणि नंतर कधीतरी पानं भरली असतील. तुमच्या जागी कोणीही तेच केलं असतं. असं लिहून दिलंत तर साहेबसुद्धा काही म्हणणार नाहीत. मी मसुदा करून सोबत पाठवतेय. फक्त सही करा.

गवंडी अजून सहा आठवडे आहेत.

टाचणी

२७ एप्रिल

टाचणी,

मसुदा चांगला आहे. वाचून माझेच डोळे भरून आले. सही केलेली नाही. माझ्या हातानं लिहिलेलं दुसरं निवेदन सोबत आहे, ते साहेबाला दे. ते छोटं आहे. खुलासा तुला इथं करतो.

त्या दिवशी पुलापासून निघालो. दुपारी चढाच्या निम्म्यावर भाकरी खायला थांबलो. पट्टी एका दगडावर उभी होती, तिचं पुढचं वाचन मी घेतलेलं होतं. नियम तुला ठाऊक आहे: दुर्बीण उचलून पुढं नेतात तेव्हा पट्टी तिथंच राहिली पाहिजे, त्याच दगडावर, कारण आता त्याच दगडाकडे वळून पुन्हा वाचायचं असतं. स्टाफवाल्यानं खायला पट्टी आडवी ठेवली आणि नंतर पुन्हा उभी केली. मी वाचन घेतलं, पुढं निघालो. पंधरावीस पावलांवर तो म्हणाला, "साहेब, दगड तोच होता का, माझी खात्री नाही. शेजारी तसाच एक होता, जरा खाली."

त्यानं सांगितलं, बघ. न विचारता सांगितलं. त्याला गप्प बसता आलं असतं.

मी म्हणालो, "परतीत कळेल." हे बरोबरच होतं. परतीचा उपयोगच तो.

साडेतीनला पंपघरापाशी पोचलो. खुंटी बसवली. पाय दुखत होते, नव्या बुटानं टाचा सोलल्या होत्या. गाडी गावाकडे चाललेली दिसली. मी त्याला म्हणालो, उरलेलं मी बघतो, तू जा. घरी येऊन चहा घेतला आणि टेबलाशी बसून परतीची पानं लिहिली. सव्वापाचला संपली. शेवटी दोन मिलिमीटरांचा फरक मुद्दाम ठेवला. शून्य आलं असतं तर कोणी विश्वास ठेवला नसता. त्या पानावर पोरं शिकतात.

तुझ्या आजोबांचा निरोप सात वाजता आला.

तेव्हा त्यांना यात ओढू नकोस. नंतर कित्येकदा मीही मनातल्या मनात तो निरोप साडेतीनला आणून पाहिला. जवळजवळ बसतो. पण नाही आला.

दुसऱ्या दिवसापासून सुतक, मग दुसरी साइट. जाईन म्हणत राहिलो. मग तिथं घरं उभी राहिली, आणि घरांखाली गेलेला दगड शोधायला कोण जातं.

आता नऊ वर्षांपूर्वीचं. अहवाल मीही वाचला होता, पेपरात आलेला. वीस सेंटिमीटर खाली, म्हणून पाणी येऊच शकत नाही. मला माझा दगड आठवला. तेव्हा एकतीस हा आकडा ठाऊक नव्हता, पण वीसपेक्षा जास्त असेल एवढं मनात आलं. त्यानंतर आठवड्यानं तो माझ्याकडे आला. कामावरून काढलेला होता. पायरीवर बसला, आत येईना. इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, "साहेब, त्या दिवशी आपण परत चाललो होतो ना?"

त्याला ठाऊक होतं की आपण चाललो नव्हतो. पट्टी त्याच्याच हातात असती. तो मला विचारत नव्हता, संधी देत होता. टाचणी, मी म्हणालो, "चाललो होतो."

तो म्हणाला, "मग माझीच आठवण चुकत असेल," आणि उठून गेला.

पंप त्यानं वेळेवर सुरू केला होता. पाणी अकरा सेंटिमीटर भिंतीवरून आलं, तुझ्या आकड्यानं हिशेब करून पाहिला. अकरा सेंटिमीटर वरून येणाऱ्या नदीपुढं पंप काय करणार होता?

निवेदनात हे सगळं आहे, पायरीवरचं सोडून. ते कचेरीचं नाही.

शाळा आणि पूल तपासायला हरकत नाही. तिथं चाललो होतो. पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस, मोज.

मामा

२१ मे

मामा,

निवेदन दिलं. साहेबांनी ते वाचून पालथं ठेवलं, मग सुलटं केलं, मग चहा मागवला. म्हणाले, "असं कोणी लिहून देतं का हो?"

मंजुरी चौथ्या दिवशी आली. भिंत अर्धा मीटर चढतेय. दोन तृतीयांश झाली, उरलेली आठवड्याभरात होईल. नवी लेव्हल मी स्वतः आणली, परतीसह. शाळा आणि दोन्ही पूल तपासले. बरोबर आहेत. तुम्ही चालला होतात.

कचेरीनं नोंदीतल्या दुरुस्तीचं कारण लिहिलं: 'कालौघात झालेला बदल.' मी म्हटलं, काळ बिचारा काय करणार, त्यानं मोजणी केली नव्हती. वाद झाला. शेवटी तुमचं निवेदन जसंच्या तसं जोडलं आणि पुस्तकातल्या परतीच्या पानांवर आडवी रेघ मारली. ती मीच मारली.

पंपवाल्यावरचा ठपका काढल्याचा आदेश निघालाय. तो त्याला 'यथावकाश' टपालानं जाईल. यथावकाश म्हणजे किती ते तुम्हाला माहीत आहे. मी पहिल्या ओळीवरून रोज जाते, त्याच्या दारावरूनच. तो हात करतो, मीही करते. आणि सांगत नाही. माझ्याकडून कळावं असं हे नाही, असं मला वाटतं. चूक असेन तर लिहा, उद्या जाऊन सांगते.

टाचणी

२ जून

टाचणी,

तू चूक नव्हतीस.

आज गेलो. बसनं, मग चालत. भिंत पाहिली, चांगली केलीस. तुझे गवंडी सामान आवरत होते.

तो घरासमोर बसला होता. मला ओळखायला त्याला वेळ लागला नाही. उठायला लागला, मी म्हटलं बस. वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं, एखादं वाक्य चुरचुरीतही होतं. त्यातलं काही बोलता आलं नाही. म्हणालो, "आपण परत चाललो नव्हतो. मी खोटं बोललो. पंप तू वेळेवर सुरू केला होतास, पाणी भिंतीवरूनच आलं. भिंत बुटकी होती, माझ्यामुळे."

तो रागावेल, रडेल, निदान घरात निघून जाईल असं धरून चाललो होतो. तो म्हणाला, "मी सुरू केला होता ना?" मी म्हटलं, हो. "म्हणजे मला झोप लागली नव्हती." मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "मला आताशा वाटायला लागलं होतं, लागली असेल."

नऊ वर्षं, टाचणी. मी त्याची फक्त नोकरी घेतली असं समजत होतो.

मग त्यानं आत हाक मारली. बायको आली. तो मला म्हणाला, "साहेब, पुन्हा सांगा. हिच्यासमोर." मी सांगितलं. तिनं पदरानं हात पुसले, म्हणाली, "थांबा," आणि सुनेला घेऊन आली. सुनेसमोर सांगितलं. मग तो स्वतः उठला, काठी घेतली, शेजारच्या दारावर वाजवली. तिथं पाण्यात ज्यांचं सगळं भिजलं होतं ते म्हातारं जोडपं राहतं. त्यांच्यासमोर सांगितलं. मला बसायला कोणी सांगितलं नाही, आणि ते बरोबरच होतं. त्यानंतरच्या घरी मी त्यांचा प्रश्न दोनदा विचारून घेतला. कबूल करतो, कमी ऐकू येतं.

संध्याकाळपर्यंत पहिली ओळ झाली. प्रत्येक दारात तो माझ्या बाजूला उभा राहायचा आणि मी एखादा शब्द गाळला की हळूच म्हणायचा, "साहेब, पंपाचं राहिलं."

इथं स्टेशनजवळ खोली घेतली आहे. त्यानं उद्या सकाळी नऊला बोलावलंय. दुसऱ्या ओळीत एकतीस घरं आहेत, आणि पहिल्या ओळीतले दोघं आज घरी नव्हते.

मामा